तलंगांची पिसे झडताहेत? घाबरण्याआधी नीट पाहा

सकाळी खुराड्याचे दार उघडावे, तर आत पिसेच पिसे! कालपरवापर्यंत गुबगुबीत दिसणाऱ्या तलंगांच्या माना विरळ झालेल्या, एखादीची शेपटी गळालेली. घरात लगेच कुजबुज सुरू होते, "मानमोडी तर नाही ना लागली?" कुणी शेजाऱ्याकडचे उरलेले औषध पाण्यात घालते, कुणी म्हणते, मरायच्या आत विकून टाका. थोड्याच महिन्यांत अंड्यावर येणारी तलंग अशी कवडीमोलाने बाजारात जाते. आजार मात्र पुष्कळदा नसतोच.

वाढत्या मुलाला जुना सदरा आखूड होतो, तसेच पिलांचे आहे. अंड्यातून बाहेर येते तेव्हा पिलाच्या अंगावर नुसती मऊ लव असते. पहिल्या सहा आठवड्यांत ती जाऊन पहिली पिसे येतात. पुढे साधारण ७ ते ९, मग १२ ते १६ आणि शेवटी २० ते २२ आठवड्यांच्या सुमारास थोडी थोडी पिसे झडून नवी येतात. जातीनुसार आणि खुराकानुसार हे दिवस मागेपुढे होतात. मोठ्या कोंबडीची वर्षातून एकदा होणारी मोठी पिसेगळ वेगळी. ती बहुधा दिवस लहान होऊ लागले की सुरू होते आणि तेव्हा अंडीही थांबतात.

ओळखावे कसे?

तलंग हातात धरा आणि विरळ जागी पिसे बाजूला करून पाहा. कातडी स्वच्छ असेल आणि तिच्यातून बारीक काड्यांसारखे कोंब वर येत असतील, तर ती नवी पिसे आहेत. निश्चिंत राहा. हे कोंब उपटू मात्र नका. त्यांत रक्त असते, त्यामुळे पिलाला वेदना होतात आणि रक्तही वाहते. काही कोंबड्यांची मान जन्मतःच बोडकी असते. तो त्या वाणाचा गुण आहे, रोग नव्हे.

कातडी लाल असेल, खपल्या किंवा रक्त दिसत असेल, तर कारण दुसरे आहे. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पाहा. पिसांच्या बुडाशी पांढरट पुंजके दिसले, तर ती उवांची अंडी. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा खुराड्याच्या फटीत दडतात. त्यांना पकडायचे तर रात्री टॉर्च घेऊन जावे लागते. खुराडे रिकामे करून फटी खरवडा, चुना द्या आणि अंगावरचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरा.

एकमेकींना टोचणे

पाठीची किंवा शेपटीची पिसे तुटलेली दिसली, तर थोडा वेळ लांब उभे राहून बघा. बहुतेक वेळा कोणीतरी दांडगी तलंग इतरांना टोचत असते. दाटीवाटी, फार प्रखर उजेड, कमी पडणारी भांडी आणि निकृष्ट खुराक ही त्यामागची कारणे. रक्त दिसले की बाकीच्याही तुटून पडतात. म्हणून जखमी तलंग ताबडतोब वेगळी ठेवा. जागा वाढवा, आणखी एक भांडे ठेवा, हिरवा पाला उंचावर टांगा म्हणजे त्यांचा वेळ जातो.

पिसांचा खुराक

पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनलेले असते. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर वाढणारी तलंग ते आणणार कुठून? पिलांच्या खाद्यात सुमारे २० टक्के आणि तलंगांच्या खाद्यात सुमारे १६ टक्के प्रथिने हवीत. घरचेच दाणे देत असाल तर जोडीला सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची बुरशी नसलेली पेंड, थोडे सुकट द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य मात्र तलंगांना देऊ नये. त्यातला जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतो. अंगणात कोरडी माती आणि थोडी राख ठेवा. त्यात लोळून त्या आपले अंग स्वतःच साफ करतात.

झडलेली पिसे आणि चरणारी, टुणटुण उड्या मारणारी तलंग, एवढे दिसले तर धीर धरा. ती खात नसेल, पेंगत असेल, हिरवट पातळ हगत असेल, धापा टाकत असेल किंवा मान वाकडी करत असेल, तर तिला इतरांपासून दूर ठेवून त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. बाकीच्यांना मात्र थोडे आठवडे द्या. नवी पिसे आली की हीच बोडकी तलंग ओळखूसुद्धा येणार नाही.