खुणांचा मजकूर आणि एक्सएमएलचे नोड
हस्तलिखितांच्या संगणकीय आवृत्तीत पाठभेदाच्या खुणा पुष्कळदा मजकुराचाच भाग म्हणून साठविल्या जातात. त्यांचे कोनी कंस सांकेतिक रूपात असल्याने संगणकाला तेथे केवळ अक्षरे दिसतात, घटक दिसत नाहीत. परिणामी सर्व पाठभेद निवडू पाहणारा एक्सपाथ रिकाम्या हाताने परततो आणि पाठभेदसूची अपुरी राहते.

एक्सएसएलटी १.० (१९९९) मध्ये यावर ‘डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग’ हा उपाय योजला जाई. तो फसवा आहे. त्याचा परिणाम फलित लिहून काढताना, म्हणजे सर्वांत शेवटी होतो. तोवर वृक्षात एकाही नोडची भर पडलेली नसते. शिवाय तो पाळण्याचे बंधन प्रक्रियकावर नाही. आवृत्ती २.० (२००७) मधील ‘अ‍ॅनलाइझ-स्ट्रिंग’ आकृतिबंधानुसार मजकूर फोडते. परंतु खुणेच्या पोटात तशीच खूण आली की तिची मात्रा चालत नाही.

खरा मार्ग एक्सपाथ ३.० ने २०१४ मध्ये दिला. ‘पार्स-एक्सएमएल-फ्रॅगमेंट’ हे फलन मजकूर नव्याने वाचून नोड उभे करते व रूपांतराचे नियम त्यांना तत्काळ लागू होतात. मात्र एक खूण जरी मिटायची राहिली, तरी ते दोष दाखवून थांबते. एक्सएसएलटी ३.० (२०१७) मधील ‘ट्राय’ व ‘कॅच’ यांच्या साहाय्याने अशा नोंदी बाजूस काढून संपादकाकडे पाठविता येतात.