चेंबरमधलं पहिलं मीटर

लखनौ समुद्रापासून शेकडो कोस आत. तिथे पाणबुड्यांच्या कानदुखीचं काय काम, असं वाटेल. पण हायपरबॅरिक ऑक्सिजन चेंबरचं दार बंद झालं की शहर कुठलंही असो, कानाच्या दृष्टीने माणूस पाण्याखाली गेलेला असतो. आतला दाब नेहमीच्या 2 ते 2.5 पट, म्हणजे 10 ते 15 मीटर खोल समुद्रातला. मधुमेहाची न भरणारी जखम, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, किरणोपचाराने निकामी झालेलं जबड्याचं हाड, अशांसाठी हा उपचार देतात. त्यातली सर्वांत नेहमीची तक्रार असते कानाची.

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला घशाशी जोडणारी युस्टेशियन नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. आतली हवा बाहेर जायला फारसे कष्ट पडत नाहीत. बाहेरची आत घ्यायची तर स्नायूंनी नळी ओढून उघडावी लागते. म्हणून घाट चढताना जे सहज निभतं, तेच उतरताना अडतं आणि कानाला दडे बसतात. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना दाब पाऱ्याच्या सुमारे 50 मिलिमीटरने वाढतो, तोही पाऊण तासात. चेंबर तेवढा दाब मिनिटाभरात चढवू शकतं.

खरी मेख पुढे आहे. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक 90 मिलिमीटरच्या आसपास गेला की नळी इतकी घट्ट मिटते की स्नायूंचं काही चालत नाही. हा फरक म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाणी! धोका खोलात नाही, सुरुवातीलाच आहे. पडदा आत ओढला जातो, लाल होतो, मागे पाणी किंवा रक्त साठतं, आणि तरीही दाब वाढवत राहिलं तर फाटतो. पाणबुडीवरच्या नौसैनिकांचे कान तपासून अमेरिकी नौदलाच्या वॉलेस टीड यांनी 1944 मध्ये या इजेच्या पायऱ्या ठरवल्या; डॉक्टर आजही त्याच वापरतात.

नौदलाच्या पाणबुड्याला कान मोकळे करण्याची सवय असते. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात सागरी वैद्यक शिकवणारी नौदलाची संस्थाच आहे. लखनौच्या रुग्णाला मात्र हे सगळं पहिल्याच दिवशी जमवायचं असतं. त्यातून हिवाळ्यात तिथे धुकं आणि धूर दाटला की घरोघरी सर्दी. सुजलेली नळी उघडणार कशी? तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कॅन्सर झालेल्यांची अडचण आणखी वेगळी. ज्या किरणांमुळे हाडाला हा उपचार लागतो, त्याच किरणांनी कधी कधी नळीही ताठरलेली असते.

आपल्याकडे सोसण्याचं फार कौतुक. इथे ते महागात पडतं. कान भरल्यासारखा वाटला की लगेच हात वर करावा. चालक दाब वाढवणं थांबवतो, तो थोडा उतरवतो, रुग्ण पाण्याचा घोट घेतो, मग चालक दाब पुन्हा हळू चढवतो. नाक दाबून हलकेच फुंकणंही चालतं. ही युक्ती इटलीच्या वाल्साल्वांनी 1704 च्या ग्रंथात वर्णिली. मात्र जोर लावू नये, आतल्या कानाला इजा होते. बेशुद्ध रुग्णाला गिळायला सांगता येत नाही. तेव्हा पडद्याला बारीक छेद देतात किंवा नळकांडी बसवतात.

घरी गेल्यावर, विशेषतः झोपून उठल्यावर, कान पुन्हा बंद वाटू शकतो. पोकळीत शिरलेला ऑक्सिजन तिचं अस्तर शोषून घेतं आणि तिथला दाब घटतो. बहुधा दोन-चार वेळा गिळलं की कान सुटतो.