एकाग्रता : नेमबाजाकडून घ्यावयाचा धडा
२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. या खेळात हृदयाच्या ठोक्यानेही नेम हलतो. म्हणून नेमबाज श्वास सोडून क्षणभर थांबतो व मगच चाप ओढतो. श्वास सावकाश सोडला की नाडी मंदावते. सुटलेली गोळी परत येत नाही. तिची खंत करीत बसले तर पुढचीही चुकते.

परीक्षेतही असेच घडते. एक प्रश्न अडला की मुले घाबरतात आणि येणारी उत्तरेही विसरतात. अशा वेळी पेन खाली ठेवावे, चार-पाच वेळा नाकाने श्वास घेऊन तो सावकाश सोडावा व फक्त समोरचा प्रश्न वाचावा. ही सवय आयत्या वेळी लागत नाही. रोज अभ्यासाला बसताना पाच मिनिटे सराव करावा.