बागुलबुवा खराखुरा आला तेव्हा

“मुकाट्यानं जेव, नाहीतर बागुलबुवा येईल!” हे वाक्य न ऐकलेलं मूल आपल्याकडे विरळाच. हैती देशातल्या मुलांनाही असाच एक बुवा ठाऊक आहे. त्याचं नाव तोंतों माकूत. तोंतों म्हणजे काका आणि माकूत म्हणजे खांद्याला अडकवायची गवती झोळी. हा झोळीवाला काका खोडकर पोरांना झोळीत घालून नेतो, अशी तिथली गोष्ट.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा भाग. (नकाशात क्यूबाच्या उजव्या हाताला बघा. बेटाच्या उरलेल्या भागात डोमिनिकन रिपब्लिक आहे.) इथल्या गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हाकललं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. पण १८२५ मध्ये फ्रान्सनं युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच भरपाई मागितली! गुलामांनीच मालकांना पैसे द्यायचे! ते फेडता फेडता देश खंगला.

१९५७ मध्ये फ्रान्स्वा द्युवालिए राष्ट्राध्यक्ष झाले. हे पेशानं डॉक्टर. खेड्यापाड्यांत रोग्यांवर उपचार केलेले, म्हणून लोक त्यांना ‘पापा डॉक’ म्हणत. पण त्यांना धास्ती होती स्वतःच्याच लष्कराची. तिथं लष्करानं सरकार उलथवणं काही नवं नव्हतं. मग लष्कराला शह द्यायला त्यांनी फक्त आपलंच ऐकणारी एक फौज उभारली. निळे कपडे, गळ्यात लाल रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. ही माणसं रात्री-अपरात्री कुणालाही घरातून उचलून नेत. कित्येक जण परत आलेच नाहीत. फौजेचं सरकारी नाव होतं ‘राष्ट्रीय सुरक्षा स्वयंसेवक’. लोकांनी नाव ठेवलं तोंतों माकूत!

यांतल्या बहुतेकांना पगारच नव्हता. मग पोट कसं भरायचं? दुकानदाराकडून पैसे उकळायचे, शेतकऱ्याची जमीन बळकवायची. आणि तक्रार करायची कुणाकडे? देश वरून अगदी शांत दिसे. छडी दाखवली की वर्गही असाच चिडीचूप होतो. पण त्याला शिस्त म्हणत नाहीत, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

१९६४ मध्ये पापा डॉक तहहयात अध्यक्ष बनले. १९७१ मध्ये ते वारले आणि गादीवर बसला त्यांचा मुलगा, अवघा १९ वर्षांचा! पुढची चौदा वर्षं तेच चाललं. मग २८ नोव्हेंबर १९८५ ला गोनाईव शहरात निदर्शनांच्या वेळी सैनिकांच्या गोळ्यांनी तीन शाळकरी मुलं मारली गेली. तेव्हा मात्र लोकांची भीती मोडली. गावोगावी माणसं रस्त्यावर उतरली. ७ फेब्रुवारी १९८६ ला धाकटे द्युवालिए विमानानं देश सोडून पळाले.

तोंतों माकूत बरखास्त झाले. १९९५ मध्ये लष्करही मोडीत काढलं आणि नवं पोलीस दल उभं केलं. पण ते फार तोकडं पडलं, आणि पुढाऱ्यांना हाताशी बंदूकवाले ठेवायची सवय काही सुटली नाही. ७ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांचाच त्यांच्या घरात खून झाला. त्यानंतर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे मोहल्लेच्या मोहल्ले टोळ्यांनी बळकावले. २०२४ च्या जूनमध्ये मदतीला थेट केनियाहून पोलीस आणावे लागले. त्या वर्षी शहरातल्या कित्येक शाळांत वर्ग भरले नाहीत. घरदार सोडून पळालेली कुटुंबं तिथं पथाऱ्या टाकून राहत होती.