बिऱ्हाड घोड्यावर, हिशेब बोटांवर

महिन्याच्या वीस तारखेला तुमचं पाकीट रिकामं होतं का? माझं होतं. घरून तीन हजार येतात. झेरॉक्स, वडापाव, लोकलचा पास आणि रिचार्ज यात ते कुठे जातात, देव जाणे! अशाच एका वीस तारखेला मला अर्थशास्त्राचा धडा मिळाला, तोही कर्जतजवळच्या आमच्या शेतात, एका धनगरबाबांकडून.

दरवर्षी दिवाळीनंतर भातकापणी झाली की घाटावरचे मेंढपाळ खाली उतरतात. काही वाडे पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी भागातून येतात. (वाडा म्हणजे इमारत नव्हे, एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा तांडा.) घोड्यावर भांडी, अंथरूण, कोंबड्या आणि लहान पोरं. कोकणातला पाऊस मेंढ्यांना सोसत नाही, म्हणून मृगाच्या आत परत घाटावर. घराला कुलूप आणि वर्षातला बराच काळ रस्त्यावर!

मी बाबांना विचारलं, "बाबा, महिन्याचं बजेट कसं बसवता?"

ते हसले. "बजेट कसलं रं? मेंढरं मोजली की झाला हिशेब."

विचार केला तर यात पक्कं गणित आहे. मेंढ्या हे भांडवल, कोकरं हे व्याज. दवाखाना, लग्न असा मोठा खर्च आला की एखाददुसरं जनावर विकायचं. चालतं-बोलतं एटीएमच म्हणा ना! रोजचा खर्च भागतो तो मेंढरं बसवून. रात्री कळप शेतात बसतो, लेंडी आणि मूत्र थेट जमिनीत मुरतं, म्हणजे नत्र फुकट आणि खताच्या वाहतुकीचा खर्च शून्य. बदल्यात शेतकरी तांदूळ देतो, वर थोडी रोख. जागेला भाडं नाही, घोड्याला पेट्रोल नाही. जे घोड्यावर मावत नाही ते विकत घ्यायचंच नाही, हा त्यांचा पहिला नियम.

पण म्हणून 'काय सुखी जीवन!' असं म्हणून मोकळं होऊ नका. या बजेटला विम्याचा आधार फारसा नसतो. डिसेंबर 2021च्या सुरुवातीला पुणे आणि नगर जिल्ह्यांत थंडीत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा गारठून शेकडो मेंढ्या मेल्या. आपल्या बँकेतले पैसे एका रात्रीत मरत नाहीत! दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. घोंगडीची मागणी घटल्यावर तिच्या पैशांतून कातरणाऱ्याची मजुरीही निघेना. सरकारची 2017 सालची महामेष योजना 20 मेंढ्या आणि 1 नर अनुदानावर देते, पण चारायचं कुठे हा प्रश्न उरतोच. आणि सगळ्यात मोठा खर्च वहीत येतच नाही, तो म्हणजे पोरांची शाळा. बाबांची नात आठ वर्षांची, तिला दोनशेपर्यंत मेंढ्या बिनचूक मोजता येतात, पण स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

"मग यात सुख कशात, बाबा?" मी विचारलं.

"सांजच्याला सगळी मेंढरं वाड्यावर आली, एकबी कमी न्हाई भरलं, की झोप लागती," ते म्हणाले.

मी माझा हिशेब लावून पाहिला. मला झोप न लागण्याचं कारण तीन हजार अपुरे पडतात हे नव्हतंच, मित्राच्या नव्या मोबाईलशी तुलना हे होतं. असो.

द्रुतगती महामार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि कर्जत-खालापूर मुंबईच्या आणखी जवळ आलं. शेतांची फार्महाऊसं झाली, कुंपणं पडली. यंदा आमच्या शेजारच्या शेतालाही तारेचं कुंपण आलंय, आणि आमच्या जमिनीचा भाव विचारायला लोक येऊ लागलेत. वाडा हलला त्या सकाळी बाबांनी माझ्या वडिलांना विचारलं, "पाटील, फुडल्या दिवाळीला शेत मोकळं असंल न्हवं?"

वडील "बघू" म्हणाले. बाबांच्या पुढच्या वर्षीच्या बजेटमधला एक मोठा आकडा त्या एका शब्दावर अवलंबून आहे, हे मला तेव्हा कळलं. रात्री जेवताना मी वडिलांपाशी विषय काढला. अजून उत्तर मिळालेलं नाही, पण मी विचारत राहणार आहे.