वासाचं तिकीट, गाण्याचं तिकीट!

ए, जरा इकडे ये ना! टपालाच्या तिकिटाला कसला वास येतो, सांग बघू?

डिंकाचा? छे! चंदनाचा!

अगदी खरं! 2006 मध्ये आपल्या टपाल खात्याने चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं. किंमत 15 रुपये. बोटाने हलकेच घासायचं आणि नाकाशी धरायचं. आहाहा! पुढच्या वर्षी गुलाबाचा वास आला. आणि 2017 मध्ये? चक्क कॉफीचा!

थांब, याहून भारी गंमत आहे. आपल्या शेजारच्या भूतानने एकदा गाणारी तिकिटं काढली होती! त्या होत्या चिमुकल्या, गोल तबकड्या. पाकिटावर चिकटवल्या की पत्र जायचं. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवून सुई टेकवली की भूतानचं राष्ट्रगीत वाजायचं! आहे की नाही कमाल?

पण मुळात तिकीट कशाला लावतात? पत्र पोचवायचे पैसे भरले, याची ती पावती. पूर्वी ही पावतीच नव्हती. बऱ्याचदा ज्याला पत्र यायचं, त्यालाच पैसे मोजावे लागत! मग 1840 मध्ये ब्रिटनने जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट काढलं. काळं, एका पेनीचं. कडेला भोकं नव्हती बरं का! पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा.

आता ऐक एका मुलाची गोष्ट. दक्षिण अमेरिकेत तेव्हा ब्रिटिश गयाना नावाची वसाहत होती. 1873 मध्ये तिथल्या एका 12 वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या कागदांत एक तिकीट सापडलं. लालसर जांभळं, कोपरे कापलेलं, एका सेंटचं. त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकलं. तसं दुसरं तिकीट जगात अजून कुणालाच मिळालेलं नाही! 2014 मध्ये ते कितीला विकलं गेलं असेल? जवळपास 95 लाख डॉलरना!

म्हणून सांगते, तिकीट नीट बघायचं. घाईने फाडायचं तर मुळीच नाही!

जुनं पाकीट मिळालं की तिकिटाभोवतीचा कागद थोडा सोडून काप. तो तुकडा कोमट पाण्यात टाक. पाव तासाने बघ. उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं, तसं तिकीट अलगद सुटतं! मग टीपकागदावर पालथं वाळव आणि जाड पुस्तकात दाबून ठेव. काही तिकिटं पाण्यात सुटतच नाहीत. ती कागदासकट ठेव. आणि वहीत डिंकाने चिकटवू नकोस हं, तिकीट खराब होतं!

जमवायचं काय? तुला आवडेल ते! पक्षी, रेल्वे, क्रिकेट, किल्ले... किंवा माणसं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं तिकीट शोध. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या कर्व्यांना 1958 मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ते निघालं. स्वतंत्र भारतात जिवंतपणी तिकिटावर झळकलेले ते पहिले! विचार कर, आपलंच तिकीट लावलेलं पत्र आपल्याच घरी आलं तर?

मोठ्या पोस्टात नवी तिकिटंही विकत मिळतात. त्यातली कितीतरी आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेली! आणि गुपित सांगू? तिकिटं जमवणाऱ्या सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची 'स्पर्श' शिष्यवृत्तीही आहे. वर्षाला 6000 रुपये!

आता एक कोडं. एका देशाच्या तिकिटावर राजाचं किंवा राणीचं डोकं असतं, पण देशाचं नाव कुठेच नसतं. ओळख पाहू!

ब्रिटन! पहिलं तिकीट निघालं तेव्हा दुसऱ्या कुठल्या देशाचं तिकीटच नव्हतं, मग नाव हवं कशाला? ती पद्धत अजून चालू आहे.

चल, पळ आता! आजी-आजोबांना विचार, जुनी पत्रं कुठल्या ट्रंकेत आहेत ते!