माप घ्यायला जावंच लागतं

चीनच्या ग्वांगशी प्रदेशातल्या डोंगराळ भागात बुलिऊ नदीवर चुनखडीचा नैसर्गिक पूल आहे, शियानरेन. कार्बन डायऑक्साइड मिसळून किंचित आम्ल झालेलं पाणी चुनखडी हळूहळू विरघळवतं. नदीने तशीच खडकातून आरपार वाट काढली. वरचा भाग पुलासारखा उरला.

बाहेरच्या अभ्यासकांना तो गूगल अर्थवर दिसला. पण नक्की लांबी किती? ऑक्टोबर २०१० मध्ये नॅचरल आर्च अँड ब्रिज सोसायटीची टीम नदीतून तराफ्याने तिथे पोचली. माप आलं ४०० फूट, १५ फूट कमी-जास्त.

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी नुसताच आकडा सांगितला होता. गाइडने विचारलं, "कमी-जास्त किती?" मी गप्प! तुम्ही आकड्यासोबत त्रुटीही लिहा. आणि 'शोध लावला' लिहिण्याआधी थांबा. पुलाला नाव आधीपासूनच होतं.